मे महिन्यातल्या पाण्यावर बेतलेला तलाव : बेळगाव तालुक्यातील एका गावाच्या क्रीडा व जलतरण केंद्राचा आराखडा

बेळगाव शहराच्या पश्चिमेला, खानापूर तालुक्याच्या हद्दीजवळ वसलेल्या एका मोठ्या मराठीभाषक गावाने आपल्याकडची सव्वादोन एकर जागा सार्वजनिक क्रीडा व जलतरण केंद्रासाठी राखून ठेवली आणि त्याचा आराखडा करण्याचे काम आमच्याकडे सोपवले. काम अजून निविदेच्या टप्प्यावर असल्यामुळे गावाचे नाव येथे घेत नाही. मात्र यातले निर्णय कसे होत गेले, ते सविस्तर मांडणे मला गरजेचे वाटते, कारण आसपासच्या गावांतूनही आता अशी विचारणा होऊ लागली आहे आणि शहरातल्या तलावाचा नकाशा उचलून गावात बसवला तर काय बिघडते, हे बांधकाम उरकल्यावर कळून उपयोग नसतो.

गावकऱ्यांच्या समितीची पहिली मागणी पन्नास मीटर लांबीच्या, ऑलिम्पिक मापाच्या तलावाची होती. तलावाशेजारी तालीम, एक वाचनालय आणि लग्नसराईत भाड्याने देता येईल असे सभागृह, असा बाकीचा विस्तार होता. तलावाच्या मागणीमागची भावना मला पूर्ण पटते. बेळगावात गोवावेसच्या तलावावर शहरातली मुले लहानपणापासून उतरतात, स्पर्धांत चमकतात. खेड्यातल्या मुलांना मात्र तिथवर रोज जाणे परवडत नाही. ती आजही पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात आणि मुली तर बहुतेक शिकतच नाहीत. दर उन्हाळ्यात विहिरीत, नदीच्या डोहात किंवा जांभ्याच्या सोडून दिलेल्या खाणीत साचलेल्या पाण्यात मुले बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि त्या वाचताना आपण व्यवसायाने काय करू शकतो हा प्रश्न मला नेहमी सतावत आला आहे. म्हणून पहिल्याच बैठकीत मी माझे मत स्पष्टपणे मांडले : हे केंद्र ज्याला पोहता येत नाही त्याच्यासाठी आधी बांधायचे, आणि तलाव केवढा असावा हे मे महिन्यात गावात शिल्लक राहणाऱ्या पाण्याने ठरवायचे.

पाण्याचा हिशेब

ऑलिम्पिक मापाचा तलाव पन्नास मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद असतो. खोली सरसकट दोन मीटर धरली तरी त्यात २५ लाख लिटर पाणी लागते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरवले आहे. त्या प्रमाणाने हा तलाव एकदा भरायचा म्हणजे सुमारे ४५ हजार माणसांचे एका दिवसाचे पाणी. ग्रामसभेत हा आकडा वाचून दाखवला तेव्हा मागच्या बाजूला बसलेल्या एक आजी उठून उभ्या राहिल्या. "मे महिन्यात आमी बाया घागरी घेऊन टँकरची वाट बघूलालोय, आणि तुमी पोरांस्नी पोहायला पाणी भरूलालाय?" असा त्यांचा सवाल होता. त्या सवालाला सभेत कोणापाशी उत्तर नव्हते आणि ते शोधल्याशिवाय पुढे जाणे योग्यही नव्हते. चर्चेअंती एक अट सर्वानुमते ठरली : एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत नळयोजनेचे पाणी या केंद्राला द्यायचे नाही.

आमच्या भागाला पावसाची कमतरता नाही. पश्चिमेकडे कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपच्या जलाशयातून बेळगाव शहराला पाणी मिळते, आणि आषाढ-श्रावणात भाताची खाचरे तुडुंब भरलेली असतात. पण जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीतून आणि उतारावरून हे पाणी पाहता पाहता निघून जाते आणि होळीनंतर विहिरींचा तळ दिसू लागतो. नेमका त्याच वेळी शाळांना सुट्टी लागते आणि पोहण्याचा हंगाम सुरू होतो. हा पेच सोडवणे हेच या आराखड्याचे खरे काम होते.

आम्ही मुख्य तलाव २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद आणि ०.९ ते १.५ मीटर खोल ठेवला, सरासरी १.२ मीटर खोलीला त्यात ३ लाख ७५ हजार लिटर पाणी मावते. त्याच्या जोडीला १२.५ मीटर बाय ६ मीटरचा, ०.४ ते ०.८ मीटर खोलीचा शिकाऊ तलाव आहे आणि त्यात ४५ हजार लिटर पाणी लागते. दोन्ही मिळून ४ लाख २० हजार लिटर, म्हणजे मूळ मागणीच्या जेमतेम सहावा हिस्सा. पंचवीस मीटर हे स्पर्धेतही मान्य असलेले अंतर आहे, त्यामुळे सरावाच्या दृष्टीने मुलांचे नुकसान होत नाही, हे समितीला पटवून द्यायला फारसा वेळ लागला नाही.

तलाव एकदा भरून भागत नाही; रोजचा खर्च हा त्याचा मोठा भाग असतो आणि तो बहुतेक प्रस्तावांत दाखवलेलाच नसतो. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावरून रोज सात मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर दोन्ही तलावांच्या सुमारे ३८८ चौरस मीटर क्षेत्रातून रोज २,७०० लिटर पाणी उडून जाते. वाळूचा फिल्टर आठवड्यातून दोनदा उलट्या प्रवाहाने धुवावा लागतो आणि त्या प्रत्येक बॅकवॉशला १२ हजार लिटरच्या आसपास पाणी जाते. पाण्यात उतरण्यापूर्वी शॉवर सक्तीचा केला, माणशी २० लिटर आणि दिवसाला दोनशे माणसे धरली, तर ते चार हजार लिटर वेगळेच. या तिन्हींची बेरीज रोज दहा हजार लिटरच्या घरात जाते, म्हणजे एप्रिल-मे मिळून सहा लाख लिटर. तलावातल्या एकूण पाण्यापेक्षा हा आकडा मोठा आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यायला हवे.

जागेच्या वरच्या अंगाला जांभ्याच्या चिऱ्यांत बांधलेली, सहा मीटर व्यासाची जुनी विहीर आहे. तिच्यात रात्रभरात ४० सेंटीमीटर पाणी चढले तर ते सुमारे ११ हजार लिटर भरते. एप्रिलअखेरीस उपसा करून पाहिले तेव्हा पाणी साधारण तेवढेच चढले. म्हणजे चांगल्या वर्षी ही विहीर एकटी पुरेल आणि वाईट वर्षी पुरणार नाही. म्हणून सगळ्या इमारतींच्या मिळून अकराशे चौरस मीटर छपरावरचे पाणी गोळा करायचे ठरवले. पाऊस १,२०० मिलिमीटर आणि त्यातला ८० टक्के हाती लागतो असे धरले तरी एका पावसाळ्यात साडेदहा लाख लिटर मिळतात. पहिल्या एक-दोन सरींचे मळके पाणी बाजूला काढून पुढचे अडीच लाख लिटरच्या बंदिस्त टाकीत साठेल आणि उरलेले खडी-वाळूच्या खड्ड्यातून विहिरीच्या पाझरात सोडले जाईल. शॉवरचे सांडपाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून झाडांना आणि शौचालयांना वापरायचे आहे. बॅकवॉशचे पाणी एका उघड्या हौदात दिवसभर उन्हात ठेवले की गाळ बसतो, क्लोरीन उडून जाते आणि ते कबड्डी-खो-खोच्या मैदानावर शिंपडता येते.

याहून महत्त्वाचा निर्णय असा की दोन्ही तलावांचे पंप आणि फिल्टर पूर्णपणे वेगळे ठेवले. खर्च थोडा वाढला. पण ज्या वर्षी विहीर आटेल त्या वर्षी मुख्य तलाव झाकून ठेवून ४५ हजार लिटरचा शिकाऊ तलाव चालू ठेवता येईल. टंचाईच्या वर्षी आधी काय बंद पडेल हे नकाशातच ठरलेले असावे, आणि शिकणाऱ्या मुलांची जागा सर्वांत शेवटी बंद व्हावी, याबद्दल मी कोणतीही तडजोड स्वीकारली नाही.

पावसाळ्यात तलाव जमिनीतून वर का येतो

समितीला तलाव रस्त्यालगत, म्हणजे जागेच्या सखल पूर्वेकडच्या अंगाला हवा होता. तिथून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसला असता. त्या बाजूला भाताची खाचरे लागून आहेत. श्रावणात आम्ही तिथे चाचणी खड्डा घेतला तेव्हा हातभर खोलीवरच पाणी लागले आणि त्या क्षणी माझ्यापुरता जागेचा निकाल लागला.

तलाव भरलेला असतो तेव्हा आतल्या पाण्याचे वजन त्याला दाबून धरते. तो रिकामा केला आणि बाहेर जमिनीत पाणी चढलेले असले, तर ते पाणी तळाला खालून वर रेटते आणि गुऱ्हाळातली रिकामी काहील पाण्यात सोडल्यावर तरंगावी तसा अख्खा तलाव वर यायला पाहतो. हिशेब सोपा आहे. २५ सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटच्या तळाचे वजन चौरस मीटरला ६२५ किलो असते; बाहेरचे पाणी तळाच्या खालच्या पातळीपासून ६३ सेंटीमीटर वर चढले की त्याचा रेटा या वजनाइतका होतो. भिंतींचे वजन थोडी मदत करते, पण साडेबारा मीटर रुंद तळाच्या मध्यभागी ती मदत पोहोचत नाही. तिथे तडे जातात, आणि एकदा तडा गेला की उन्हाळ्यात त्यातूनच पाणी झिरपू लागते. विहिरीच्या भरवशावर चालणाऱ्या तलावाला ही गळती झेपणारी नाही.

म्हणून तलाव पश्चिमेच्या चढावर, घट्ट जांभ्यावर नेला आणि जमिनीत पुरण्याऐवजी वर उचलला. पाण्याची पातळी जमिनीपासून १.१ मीटर उंच ठेवली, त्यामुळे सर्वांत खोल भागातला तळही जमिनीखाली फक्त ४० सेंटीमीटर जातो. तळाच्या सभोवार खडीत बसवलेले छिद्रांचे पाइप जमिनीतले पाणी गोळा करून उताराने खाचरांच्या कडेच्या ओढ्यात सोडतात आणि त्याला पंप लागत नाही. वीज गेली तरी पाणी वाहतच राहील. खोल टोकाला दाब मोकळा करणारी झडपही आहे, पण ती दुसरी फळी म्हणून. पाणी धरून ठेवणाऱ्या काँक्रीटसाठी आयएस ३३७० आणि वॉटरप्रूफिंगसाठी आयएस ६४९४ ही मानके निविदेत बंधनकारक केली आहेत. शिवाय भिंतींना मातीचा भराव टाकण्याआधी तलाव भरून सात दिवस पातळी तपासायची, असेही त्यात आहे. भराव टाकल्यावर गळती सापडत नाही. वापराच्या नियमांतले पहिले कलमही यातूनच आले : जून ते ऑक्टोबर या काळात कोणत्याही कारणाने तलाव रिकामा करायचा नाही, दुरुस्ती काढायची ती फेब्रुवारीत.

तलाव उचलल्यामुळे भोवतीच्या भरावाला चिऱ्यांच्या पायऱ्या करता आल्या आणि बसून पोहणे पाहण्याची जागा वेगळा खर्च न करता मिळाली. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी आणि गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी बाराला एक या उताराचा रॅम्प ठेवला, १.१ मीटर चढायला तो १३.२ मीटर लांब होतो, आणि मध्ये थांबण्यासाठी सपाट टप्पा दिला आहे. शिकाऊ तलावात उतरायला शिडीऐवजी घाटासारख्या रुंद पायऱ्या आहेत, जेणेकरून पाण्याची भीती असलेली व्यक्ती आधी पायरीवर बसून कंबरभर पाण्याची सवय करून घेऊ शकेल.

एका बाबतीत तरुणांची नाराजी पत्करावी लागली. विहिरीच्या काठावरून सूर मारणे, मुटका मारणे ही आमच्याकडच्या पोरांची हौस आहे, आणि त्यांनी उडी मारण्यासाठी चौथरा मागितला होता. दीड मीटर पाण्यात डोक्यावर सूर मारल्यास मान मोडून माणूस जन्माचा अधू होऊ शकतो. चौथरा दिलेला नाही, आणि खोलीचे आकडे तलावाच्या कडेवर व भिंतीवर हाताएवढे मोठे लिहिले आहेत.

छप्पर, वारा आणि तालमीची माती

बंदिस्त जलतरण सभागृहाची कल्पनाही पुढे आली होती. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची द्रव्ये तयार होतात. बंद तलावात डोळे चुरचुरवणारा जो वास येतो तो त्यांचा. तीच हवा धातूलाही खाते. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे ९ मे १९८५ रोजी जलतरण सभागृहाचे काँक्रीटचे छत कोसळून १२ जण मृत्युमुखी पडले. छत टांगून ठेवणारे स्टेनलेस स्टीलचे गज क्लोराइडमुळे आतून तडकले होते आणि बाहेरून ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. बेळगावच्या हवेत बंद सभागृहाची गरजही नाही. आम्ही वर कौलारू छप्पर आणि चारही बाजू मोकळ्या अशी रचना केली. सांगाडा गॅल्व्हनाइझ केलेल्या लोखंडाचा असून त्याचा प्रत्येक सांधा खालून डोळ्यांना दिसतो आणि रंगवता येतो. खोटे छत कुठेही नाही. कौले खानापूरची आहेत. तिथल्या मातीची कौले आणि विटा या भागात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत आणि एखादे कौल फुटले तर बदलायला गावातलाच माणूस पुरतो.

पाणी तापवण्याचा विचार एका आकड्यावर थांबला. मुख्य तलावाचे पाणी फक्त एका अंशाने तापवायला सुमारे ४३६ युनिट वीज लागते. डिसेंबर-जानेवारीत सकाळऐवजी दुपारी पोहायचे, असे ठरले.

तालमीची जागा ठरवणे मात्र सोपे गेले नाही, आणि मला ते या कामातले सर्वांत जिव्हाळ्याचे प्रकरण वाटते. गावात कुस्तीची जुनी परंपरा आहे आणि वस्तादांचा शब्द मोडत नाहीत. त्यांना तालीम तलावाला खेटून हवी होती, म्हणजे मेहनत झाली की पोरे सरळ पाण्यात. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, तांबडी माती ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मुरवलेली असते. अंगावर तिचा थर आणि तेल घेऊन दहा-वीस पैलवान पाण्यात उतरले, तर वाळूचा फिल्टर त्याच दिवशी तुंबेल आणि क्लोरीन त्या तेलातच खर्ची पडेल. शिवाय उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेकडून सुटतो. तालीम पश्चिमेला असती तर मातीची धूळ थेट पाण्यावर आली असती. ती तलावाच्या पूर्वेला, खालच्या पातळीवर नेली. हौद्यालगत चिऱ्यांची उघडी न्हाणी दिली, तिचे पाणी वेगळ्या गाळखड्ड्यातून केळीच्या बागेत जाते. फिल्टरची वाळू कशी तुंबते ते वस्तादांना काचेच्या बरणीत वाळू, पाणी आणि त्यांच्याच हौद्यातली मूठभर माती घालून दाखवले. त्यांनी बरणी उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "आधी न्हाणी, मग तलाव. पोरांना मी सांगतो." सूचनाफलकाला जमले नसते ते या एका वाक्याने होईल याची मला खात्री आहे. तालमीतील मारुतीची जागा जुन्या तालमीप्रमाणे पूर्वाभिमुखच ठेवली आहे.

मुली आणि बायकांसाठी

महिला मंडळाच्या बैठकीत पोहण्याविषयी कोणी उघडपणे बोलेना. बैठक संपल्यावर एकेकीने येऊन विचारले ते हे : कपडे बदलायची जागा कुठे, तिथून पाण्यापर्यंत किती चालावे लागेल आणि रस्त्यावरून दिसेल का? या तीन प्रश्नांनी इमारतीचा अर्धा नकाशा बदलला. महिलांचे प्रवेशद्वार वाचनालयाच्या बाजूने काढले, जेणेकरून तालमीसमोरून जावे लागू नये. कपडे बदलण्याच्या खोल्यांचे दार थेट शिकाऊ तलावाच्या पायऱ्यांवर उघडते. रस्त्याच्या बाजूला खानापुरी विटांची तिरकी जाळी आहे; तिच्यातून वारा येतो, नजर येत नाही. बघ्यांच्या पायऱ्या महिलांच्या वेळेत कुलपात राहतील. जीवरक्षकाच्या उंच खुर्चीवरून दोन्ही तलावांचा संपूर्ण तळ दिसला पाहिजे, या अटीला मात्र कुठेही बाध येऊ दिला नाही, आणि त्यासाठीच तलाव उत्तर-दक्षिण ठेवून सकाळ-संध्याकाळची चकाकी त्याच्या डोळ्यांवर येणार नाही असे पाहिले. महिलांच्या वेळेत जीवरक्षकही महिलाच असेल.

सुरक्षेचे फलक कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत, सारख्याच आकाराच्या अक्षरांत आणि चित्रांसह असतील. आमच्या भागात फलकांवरून होणारे वाद सर्वांना ठाऊक आहेत. पाण्याच्या काठावर वाचणाऱ्याला पहिल्या नजरेत कळणे एवढाच निकष आम्ही लावला आणि समितीत त्यावर कोणाचे दुमत झाले नाही.

गणेश विसर्जनासाठी तलाव वापरता यावा अशीही एक सूचना होती. त्याऐवजी विहिरीपासून दूर, खालच्या अंगाला स्वतंत्र कुंड दिले आहे.

कामाचा क्रम आणि राहिलेला प्रश्न

निधी एकदम मिळणार नाही हे उघड होते. अशा वेळी आधी दर्शनी इमारत उभी राहते आणि पाण्याची व्यवस्था मागे पडते, असा सर्वत्र अनुभव आहे. आम्ही क्रम उलटा लावला. पहिल्या टप्प्यात विहिरीची दुरुस्ती, साठवण टाकी, शिकाऊ तलाव, महिलांच्या खोल्या आणि तालीम. दुसऱ्या टप्प्यात मुख्य तलाव व त्याचे छप्पर. वाचनालय तिसऱ्या टप्प्यात. सभागृह वगळले, कारण त्याच्या वाहनतळाने कबड्डीचे मैदान खाल्ले असते.

पंपघरात क्लोरीनची पावडर आणि आम्ल यांच्यासाठी वेगवेगळ्या दारांच्या, हवेशीर अशा दोन खोल्या आहेत, कारण ही दोन रसायने एकत्र आली तर विषारी वायू निघतो. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान आहे का आणि क्लोरीन पुरेसे आहे का, हे दिवसातून तीनदा तपासून प्रवेशद्वारावरील फळ्यावर लिहायचे आहे, म्हणजे पालकांना ते पाहता येईल.

दोन जीवरक्षक आणि एक पंपचालक यांच्या पगाराची कायमची तरतूद अजून झालेली नाही. प्रवेशशुल्कातून तो खर्च निघणार नाही, आणि निघावा इतके शुल्क ठेवले तर ज्या मुलांसाठी हे केंद्र बांधायचे तीच बाहेर राहतील. पंचायतीने अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष काढावे, असा आमचा लेखी प्रस्ताव आहे. तोवर निविदेत एक अट घालून ठेवली आहे : बांधकाम पूर्ण झाल्यावर ठेकेदाराने एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा केंद्र स्वतः चालवून दाखवायचे, त्या काळात गावातल्या चार मुली आणि चार मुलांना पंप, फिल्टर आणि पाणीतपासणीचे काम शिकवायचे, आणि मे महिन्यातल्या विहिरीच्या पातळीची नोंदवही पंचायतीच्या हाती दिल्यानंतरच शेवटचे देयक उचलायचे.